गोंगाटात जमा झालेला होकार

माझं पोट गोंगाटावर चालतं. लग्नकार्यात कोणी "तू काय करतेस गं?" विचारलं की मी हेच सांगते, कारण "सॉफ्टवेअर टेस्टर" म्हटलं की समोरचा "वा, छान" म्हणून जिलेबीकडे वळतो. गोंगाट म्हटलं की निदान थांबतो तरी.

माझं ऑफिस मालाडला आहे. फोनवरच्या मीटिंगमधला नको असलेला आवाज गाळून टाकणारा एक प्रोग्रॅम आमची कंपनी बनवते. तुम्ही इकडे साहेबांशी बोलताय, मागे मिक्सर फिरतोय, शेजारच्या बिल्डिंगचं रीडेव्हलपमेंट काढलंय, खाली भंगारवाला घसा ताणतोय, आणि साहेबांना मात्र फक्त तुमचा गोड आवाज ऐकू जातो. बाकीचं सगळं आमचा प्रोग्रॅम गिळतो. आता असा प्रोग्रॅम फोनाफोनात आलाय, त्यामुळे लोकांना त्याचं काही वाटत नाही. मला अजून वाटतं.

ह्या प्रोग्रॅमला कोणी नियम शिकवत नाही. त्याला नमुने ऐकवायचे असतात, हजारोंनी. हा माणसाचा आवाज, हा गोंगाट, असं सांगत राहायचं, मग तो स्वतःच काहीतरी अंदाज बांधतो. म्हणजे गोंगाट घालवायचा तर आधी गोंगाट गोळा करायला हवा. मला एकदा वारा आणायला मढला पाठवलं होतं. काठीला माइक बांधून मी किनाऱ्यावर उभी. मागच्या बंगल्यात कसलं तरी शूटिंग चालू होतं. तिथला एकजण चौकशीला आला, "मॅडम, तुमचं कसलं शूटिंग?" मी म्हटलं, "वाऱ्याचं." त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि परत जाऊन माझ्यासाठी चहा घेऊन आला. त्याला माझी दया आली असणार.

गोळा केलेला आवाज ऑफिसात आला की कोणीतरी हेडफोन लावून बसायचं आणि प्रत्येक तुकड्याला शिक्का मारायचा. बोलणं की गोंगाट. सुरुवातीला हे काम मी केलंय आणि त्यावरून भरपूर भांडलेही आहे. एका सहकाऱ्याने हसण्याला गोंगाटात टाकलं होतं. मी त्याला म्हटलं, "हसणं गोंगाट? मग तुझ्या घरी फारच शांतता असेल ना रे." तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही, पण हसणं बोलण्यात आलं.

प्रोग्रॅमचे अंदाजही मजेशीर असतात. आमच्याच ऑफिसातल्या एकीची आई ऑनलाइन गाणं शिकवते. तिने आमचा प्रोग्रॅम लावला आणि तिच्या शिष्यांना तंबोरा ऐकू येईना. बाईंचा आवाज लख्ख, तंबोरा गायब. कारण काय, तर जो आवाज एकसारखा चालू राहतो तो यंत्राचा असतो असं त्याने शिकून घेतलेलं. तंबोऱ्याला त्याने पंख्यात जमा केलं. वाढदिवसाच्या कॉलवर टाळ्या नाहीशा व्हायच्या आणि उत्सवमूर्ती बिचारी शांततेत केक कापायची. आम्ही ह्या गोष्टी डबा खाताना एकमेकांना सांगून हसायचो. माझ्या घरी असं काही होईल असं वाटलं नव्हतं, कारण माझ्या घरी मुळात बोलणंच कमी.

मी मुलुंडला बाबांबरोबर राहते. आई गेल्यापासून आम्ही दोघंच. बाबा तरुणपणी कोकणातून मिलमध्ये आले, मिल बंद पडल्यावर एका औषधांच्या गोदामात लागले आणि तिथून रिटायर झाले. इतकी वर्षं मुंबईत काढून माणूस माझ्याशी मालवणीतच बोलतो. मी मुंबईचं मराठी बोलते. आमचं छान चालतं.

बाबांचा एकच दागिना आहे आणि तो अंगावर घालायचा नाही. गावच्या जत्रेला ग्रामदेवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराचा. ज्यांनी गाऱ्हाणं ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते: एकजण देवापुढे हात जोडून उभा राहतो आणि गावाच्या वतीने देवाशी बोलतो. लेकरांचं बरं कर, आजार दूर ठेव, कोणाचं चुकलंमाकलं असेल ते पोटात घाल. त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेले सगळे पुरुष एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणतात. हा होकार आला की पुढचं वाक्य. होकार नाही तर पुढचं वाक्य नाही, कारण मग तो गावाच्या वतीने बोलतच नसतो, एकटाच बडबडत असतो. बायका मागे उभ्या राहतात. त्यांनी व्हय म्हणू नये असं कुठे लिहिलेलं नाही, पण कोणी म्हणत नाही. मीही लहानपणापासून मागे उभी राहून फक्त ओठ हलवत आलेय.

बाबांनी एकही जत्रा चुकवली नव्हती. गेल्या साली मात्र त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी गाडी, एसटी, काहीही नको म्हणून बजावलं. जत्रा तोंडावर. गावातून लगेच आवाज उठला की यंदा गाऱ्हाणं दुसऱ्या घराने घालावं. दुसरं घर म्हणजे बाबांचे चुलत भाऊ, माझे काका. काका वाईट माणूस नाही. पण गावात राहून देवळाचे पत्रे बदलण्यापासून सगळं तेच बघतात, आणि मुंबईहून चार दिवस येऊन पुढे उभं राहणाऱ्याबद्दल त्यांच्या मनात काय असेल ते मला समजतं. मान एकदा सरकला की परत येत नाही, हे बाबांना माहीत होतं, काकांनाही.

फोनवरून गाऱ्हाणं घालायची कल्पना माझी. बाबांनी ती गावात कळवली आणि गावाने, आमच्याकडच्या रीतीप्रमाणे, देवालाच विचारलं. पाषाणाला ओल्या पाकळ्या लावतात, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आम्ही कम्प्युटरवाले दोनच उत्तरांवर जग चालवल्याचा टेंभा मिरवतो, देव हे कधीपासून करतोय. पाकळी उजवी पडली. काकांनी फोन करून बाबांना ते कळवलं आणि पुढे म्हणाले, "देवान कौल दिल्यान, आमचा काय नाय. पण व्हय म्हणूचा की नाय, ता माणसांनी ठरवूचा असता."

बाबांनी फोन ठेवला. रात्री जेवताना म्हणाले, "आता तुझ्या डबड्यार सगळा इला."

मी तयारीला लागले, आणि तयारी मला येते. गावात माझी चुलत वहिनी, म्हणजे काकांची सून, बचतगट चालवते आणि फोनमधलं तिला सगळं कळतं. तिचा फोन देवळाच्या खांबाला सुंभाने बांधायचा, त्याची वायर देवळाच्या लाउडस्पीकरला जोडायची, म्हणजे बाबांचं बोलणं सगळ्यांना ऐकू जाईल. गावात रेंज यथातथाच, म्हणून तिकडून चित्र पाठवायचं नाही, फक्त आवाज. आदल्या दिवशी आम्ही तिच्या घरून तालीम केली. वहिनीचा आवाज असा आला की बाजूच्या खोलीतून बोलतेय. मी विचारलं, "वहिनी, आज कोंबड्या गप कशा?"

"गप खंयच्यो, माझ्या पायात कलकल करतत."

मी बाबांकडे विजयी मुद्रेने पाहिलं. वहिनीच्या फोनातही असाच एक प्रोग्रॅम होता, त्याचं काम कसं असतं ते मी त्यांना समजावून सांगितलं, कोंबड्यांसकट. ते म्हणाले, "बरा." गर्दीसाठीची सोय मी एका बाईवर आणि चार कोंबड्यांवर तपासली होती. ऑफिसात एखाद्या नवीन पोराने असं केलं असतं तर मी त्याला उभंआडवं घेतलं असतं.

जत्रेच्या सकाळी बाबांनी अंघोळ केली, धोतर नेसले, टोपी घातली. हॉलमध्ये टीव्हीच्या जागी लॅपटॉप ठेवला, त्यापुढे पाटावर तांदूळ, नारळ, विडा. वॉकर बाजूला सारून ते उभे राहिले. बसून घाला म्हटलं तर माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी खुर्ची आत नेऊन ठेवली. मी त्यांच्या मागे उभी राहिले, पडले तर धरायला.

कॉल लागला. पडद्यावर एक काळा चौकोन, त्यात वहिनीच्या नावाचं पहिलं अक्षर.

"इतक्या शांत कसा?" बाबा म्हणाले. "जत्रेक मानसा इली नाय की काय?"

खरोखर शांत होतं. ना ढोल, ना घंटा, ना पोरांचा कालवा. मी म्हटलं, "तेच तर बाबा, सगळं गाळून येतंय." माझ्या आवाजात अजून कौतुक होतं.

तेवढ्यात काकांचा आवाज आला, फोनजवळ येऊन बोलले असावेत, अगदी स्पष्ट. "सगळे जमले हत. कर सुरू."

बाबांनी हात जोडले, डोळे मिटले. वॉकर धरून चालणारा माणूस एकदम ताठ झाला. "बा देवा म्हाराजा," ते म्हणाले, आणि त्यांचा तो गाऱ्हाण्याचा आवाज लागला, जो एरवी घरात कधी ऐकू येत नाही. "आज तुझी वर्साची जत्रा. तुझी लेकरां तुझ्या पायाशी जमली हत."

आणि थांबले.

पलीकडून काही आलं नाही.

मला वाटलं, नेटवर्क. पण नेटवर्क नीट होतं, पडद्यावरच्या दांड्या भरलेल्या. बाबा थांबून राहिले. मग त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. ह्या वेळी मी कान देऊन ऐकलं. लॅपटॉपमधून उचकीएवढा एक "व्ह" आला आणि तुटला.

ती उचकी मी ओळखते. दिवसातून शंभरदा ऐकते. आवाज सुरू होतो, त्याचं टोक तेवढं निसटतं, मग प्रोग्रॅमचा निर्णय होतो की हा गोंगाट, आणि दार बंद. सगळं देऊळ व्हय म्हाराजा म्हणत होतं. पन्नास घशांतून एका सुरात, ठरावीक वेळाने तेच तेच येणारं, फोनपासून लांब, ढोलात आणि घंटेत मिसळलेलं. बोलणारा माणूस जवळ असतो, एकटा असतो आणि दर वेळी वेगळं बोलतो, एवढंच त्या प्रोग्रॅमला शिकवलेलं. वहिनीच्या फोनने गावाचा होकार कोंबड्यांच्या पंगतीला बसवला होता.

ती गाळणी तिकडच्या फोनात होती. इथून मला ती बंद करता येईना. मी वहिनीला मेसेज टाकला, एक, दुसरा, पण फोन खांबाला बांधलेला आणि वहिनी मागे बायकांत हात जोडून उभी. बाबांना सांगावं तर गाऱ्हाणं चालू असताना घालणाऱ्याशी कोणी बोलत नाही. तसं झालं तर ते मोडलं.

मी पुढे होऊन त्यांचा चेहरा पाहिला. डोळे मिटलेलेच होते. बाबांना माझ्या गाळणीबिळणीचं काही आठवत नव्हतं. त्यांच्यासाठी काकांचा आवाज स्पष्ट आला होता, म्हणजे यंत्र ठीक. सगळे जमलेत असं काकांनी सांगितलं होतं. आणि सगळे गप्प होते. माणसांनी ठरवायचं ते ठरवलं होतं. एवढा मोठा माणूस देवापुढे, आपल्या गावापुढे हात जोडून उभा, आणि त्याला वाटतंय की एकालाही तो आपला वाटत नाही. मला ते बघवेना. त्यांचे जोडलेले हात जरासे खाली येऊ लागले.

मी म्हटलं, "व्हय म्हाराजा."

माझा मलाच परका वाटला तो आवाज. ऑफिसात माइक तपासताना मी जो काढते, तसलाच काहीसा, चिरका. बाबांनी डोळे उघडले नाहीत, मान वळवली नाही. क्षणभर मला वाटलं की आता ते थांबतील, वॉकर मागतील आणि आत जातील. बाईने मधे तोंड घातलं म्हणजे ते मोडलं, असंही त्यांना वाटू शकलं असतं.

हात पुन्हा छातीशी आले.

"जी इली हत तेंचा बरा कर," बाबा म्हणाले. "जी येवक पावली नाय तेंचा पण बरा कर."

"व्हय म्हाराजा."

"शेतार गेल्ल्याचा, मुंबैक गेल्ल्याचा, समद्यांचा राखण कर."

"व्हय म्हाराजा."

असं शेवटपर्यंत. प्रत्येक वेळी आधी ती तुटकी उचकी, मग मी. मधे माझा एक होकार उशिरा गेला, तेवढा वेळ बाबा थांबले. शेवटच्या वाक्यानंतर त्यांनी जमिनीला हात लावून नमस्कार करायचा प्रयत्न केला, गुडघा वाकेना, म्हणून पाटावरचा नारळ उचलून कपाळाला लावला. मी कॉल बंद केला आणि खुर्ची आणली.

ते बसले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "एकान पण व्हय म्हणूक नाय."

मी सांगायला लागले. गाळणी, गर्दी, एकसारखा आवाज, तंबोरा, सगळं. इतक्या घाईने सांगितलं की माझं मलाच पटेना. बाबा ऐकून घेत होते, लहान मुलाच्या थापा ऐकाव्यात तसे. "तू माका बरा वाटाचा म्हणान सांगतंस," ते म्हणाले. मी लॅपटॉप उघडून त्यांना काहीतरी दाखवायला निघाले, पण दाखवणार काय? जे गाळलं गेलं ते कुठेच नव्हतं.

तेवढ्यात बाबांचा फोन वाजला. काका. बाबा घेईनात. मीच घेतला आणि स्पीकरवर टाकला.

"अरे, सुरवातीक थांबलंस कित्याक?" काका खेकसलेच. मागे ढोल, घंटा, लाउडस्पीकर, पोरं, सगळी जत्रा त्या साध्या फोनमधून आमच्या हॉलमध्ये घुसली. "हय बोंबलान बोंबलान सगळ्यांचो घसो बसलो. तू आपलो गप. माका वाटला, चक्कर येवन पडलंस."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुमी व्हय म्हटलास?" बाबांनी विचारलं.

"मगे काय? जत्रेक काय झोपाक येतंव? समद्या गावान म्हटल्यान. मी पण म्हटलंय." एवढं बोलून काका जरा थांबले. "आणि ता मदी बायलमानूस कोण? आमचा म्हणान झाला की स्पीकरातसून मागसून एकटाच व्हय म्हाराजा करी. हय सगळी वळान बघीत."

"माझा चेडू," बाबा म्हणाले.

पलीकडे ढोल वाजत राहिला. मग काकांनी विचारलं, आणि त्यात भांडण नव्हतं, खरीच शंका होती. "बायलमानसाचो व्हय चलता?"

ह्याचं उत्तर गावात राहणार होतं, आमच्या हॉलमध्ये नाही. नाही म्हटलं तर गाऱ्हाणं मोडलं आणि मानही गेला. माझा होकार आपण धरलाच नाही असं म्हणून तो सोडून देणं बाबांना सहज जमलं असतं. गावाने होकार दिला होता, आता त्यांना माझी गरजही नव्हती.

"माका चल्लो," बाबा म्हणाले. "तुमचो एक पण माझ्या कानार पडूक नाय. मी तेच्या व्हयार फुडे गेलंय."

"म्हणजे गाऱ्हाणां पुरा झाला म्हणूचा?"

"झाला म्हण."

"बरा," काका म्हणाले. "गुडघ्याक सांभाळ." आणि फोन ठेवला.

बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. बराच वेळ ती हाताने सारखी करत बसले. मी पाटावरचे तांदूळ गोळा करायला वाकले तेव्हा म्हणाले, "आवाज लय बारीक काढलंस गो. फुडच्या वर्सा पोटातसून काढ."

मी मान हलवली. तांदूळ घेऊन आत गेले, ओट्याशी उभी राहून थोडी रडले आणि मग आमटीला फोडणी दिली.